समाधान आणि शंकासमाधान

संपादकांचे पत्र आले. "अंक दिवाळीचा आहे, तेव्हा यंदा काहीतरी खुसखुशीत येऊ द्या." दर वर्षी हे पत्र येते आणि दर वर्षी मी चकलीसारखे वळणावळणाचे काहीतरी तळून पाठवते. यंदाही त्याच तयारीने बसले होते. परंतु गेल्या पावसाळ्यात घडलेली एक हकीगत मनातून जाईना. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर तीच उतरू लागली. म्हटले, येऊ दे. फराळाच्या ताटात एखादे कारल्याचे काप आले म्हणून वाचक रागावणार नाहीत. जिची ही हकीगत आहे तिला मी ती आधी वाचून दाखवली आहे. तिने दोन ठिकाणी हात वर केला, तो मजकूर गाळला. ओळख पटेल असे तपशील बदलले. बाकीचे तिच्या परवानगीने.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. एखादा शब्द कानात अडकला की तो सुटेपर्यंत मला चैन पडत नाही. इतकी वर्षे मराठी शिकवल्याचा हा परिणाम! यंदाचा शब्द आहे 'समाधान'.

आमच्याकडे सकाळी पोळ्या करायला एक बाई येते. वय बत्तीस-तेहतीस. राहते लालबागच्या एका चाळीत. तिचे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. आता त्या जागेवर ढगाला हात लावणारी इमारत उभी आहे आणि तिच्या फाटकावर या बाईचा नवरा रात्रपाळीची रखवाली करतो. थोरली मुलगी नववीत, धाकटा पाचवीत. चार घरच्या पोळ्या, दोन घरची भांडी आणि स्वतःचा संसार, असा तिचा दिवस पहाटे पाचाला सुरू होतो.

जुलैतली गोष्ट. परातीतल्या कणकेकडे बघतच ती म्हणाली, "ताई, बुधवारी कॉलेजला सुट्टी आहे का तुम्हाला?"

"का गं?"

"दवाखान्यात जायचंय. एकटीला भ्या वाटतं."

मग हळूहळू उलगडले. पाळी चुकली होती. काळजी घेऊनही चुकली होती. तिसरे मूल नको, हे धाकटा झाला तेव्हाच नवराबायकोचे ठरलेले. "मला मोकळं व्हायचंय," ती म्हणाली. मोकळे होणे हा आपल्याकडे खरे तर बाळंतपणाचा शब्द. तिने तो याही कामाला लावला होता, आणि मला तो फार नेमका वाटला. कारण या गोष्टीला मराठीत धड शब्दच नाही. 'गर्भपात' म्हणायला तोंड उचलत नाही, 'पाडणे' म्हटले की भिंत पाडल्यासारखे वाटते, आणि 'पिशवी धुणे' हा शब्द बाजाराच्या पिशवीपासून फार दूर जात नाही. ज्या गोष्टीला घरात शब्द नसतो, ती दवाखान्याच्या खिडकीवर कशी सांगावी?

मी म्हटले, "अगं, मग लांब कशाला जायचे? परळ हे तर इस्पितळांचे गाव. के.ई.एम. आहे, शेजारी वाडिया प्रसूतिगृह आहे. दोन्ही १९२६ सालची, शंभर वर्षांचा अनुभव!"

"तिथं नको. आमच्या मजल्यावरच्या दोघीजणी त्या बाजूच्या दवाखान्यांत आया आहेत. दुपारी मी जाईन आणि संध्याकाळी नळावर सगळी चाळ मला विचारील."

अशा रीतीने, चालत दहा मिनिटांवर असलेले सोडून आम्ही बुधवारी सकाळी गाडीने दूरच्या एका सरकारी इस्पितळात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. एका इस्पितळाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही, आणि दुसरीकडे याहून फार निराळे घडले असते असेही मला वाटत नाही.

सात वाजता रांगेत उभे राहिलो. केसपेपर निघाला नऊला. "कशासाठी?" असे खिडकीतल्या माणसाने विचारले. काचेला पडलेले भोक तोंडाच्या खाली असल्यामुळे उत्तर मोठ्याने द्यावे लागते. ती कुजबुजली. त्याने पुन्हा विचारले. ती पुन्हा कुजबुजली. मग त्यानेच सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या वतीने उत्तर दिले आणि शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. त्याला नीट ऐकू यायला हवे होते, इतकेच. आमच्या मागे सत्तर माणसे होती.

आत बाकांवर पोटुशा बायका बसलेल्या. कोणी सातव्या महिन्यातली, कोणी ओटी भरून घेऊन आल्यासारखी हिरव्या चुड्यातली. त्यांच्यातच हिलाही बसवले. रक्त तपासायला तीच रांग, सोनोग्राफीलाही तीच. शेजारच्या मुलीने मोठ्या हौसेने विचारले, "कितवा?" ही गप्प. मीच घाईघाईने छत्री सावरल्यासारखे केले.

आता माझ्या शौर्याचीही एक गोष्ट सांगून टाकते. व्हरांड्यात अचानक, "मॅडम, तुम्ही इथे?" अशी हाक आली. माझी एक जुनी विद्यार्थिनी! आता तिथेच नोकरीला. मी, वर्गात स्त्रीमुक्तीवर तासन्‌तास बोलणारी मी, एका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "काही नाही गं, रक्तदाब दाखवायला आले होते." ती गेल्यावर आमच्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि पदराआड हसली. म्हणाली, "ताई, तुम्हीबी?" त्या दिवसातले तिचे ते एकुलते एक हसू.

दुपारी एक कागद पुढे आला. टेबलावरच्या मनुष्याने विचारले, "मिस्टर कुठायत? सही लागेल."

आता हा माझा प्रांत होता. मी म्हटले, "अहो, कायद्यात नवऱ्याच्या सहीची तरतूदच नाही. बाई अठरा वर्षांच्या वरची असली की तिची एकटीची संमती पुरते. १९७१ च्या कायद्यापासून असेच आहे."

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कायदा असेल. आमच्याकडे पद्धत आहे."

या वाक्यावर एक अख्खे व्याख्यान देता येईल! कायदा दिल्लीला होतो आणि पद्धत टेबलावर असते. नवरा रात्रपाळी करून झोपला होता. त्याला बोलवायचे तर तो दिवस जाणार, म्हणजे आणखी एक खाडा. मी तावातावाने काहीतरी बोलणार, इतक्यात मागून एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, बोलण्यात मालवणी हेल. कागद उचलून त्यांनी पाहिला आणि टेबलाला म्हणाल्या, "अठराच्या वर आहे ना? मग तिचीच सही. किती वेळा सांगू?" आणि हिला म्हणाल्या, "ये गो, आत ये. बस."

त्या 'बस'मध्ये काय होते ते मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळपासून तिला 'पुढे सरका', 'बाजूला उभ्या राहा', 'नाव सांगा', 'मोठ्याने सांगा' असे सगळे सांगून झाले होते. बस म्हणून कोणी म्हटले नव्हते.

पुढली पंधरा मिनिटे सिस्टरांनी तिला जे सांगितले, ते मी शिक्षकाच्या कानाने ऐकले, आणि मला त्यांचा हेवा वाटला. आज एक गोळी इथेच गिळायची. गर्भ ज्याच्या आधारावर टिकतो त्या संप्रेरकाचे काम ही गोळी थांबवते. परवा यायचे, तेव्हा दुसऱ्या चार गोळ्या मिळतील. त्यांनी पोटात कळा येतील, पाळीच्या वेळेपेक्षा जोरात. रक्त जाईल, गाठी पडतील, घाबरायचे नाही. पुढे आठ-दहा दिवस थोडेथोडे जात राहील. पण तासाला दोन-दोन पॅड भिजायला लागले आणि दोन तास तसेच चालले, किंवा ताप उतरेना, तर रात्र असो की पाऊस असो, निघून यायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत शंभरातल्या पंच्याण्णव-एक जणींना एवढ्याने पुरते. उरलेल्यांची पिशवी साफ करावी लागते, म्हणून पंधरा दिवसांनी तपासायला यायचेच. "काय विचारायचं असेल तर विचार," असे म्हणून त्या खरोखरच थांबल्या. हातातली पेनाची टोपी लावली आणि थांबल्या!

आणि ही बाई, जी सकाळपासून कुजबुजत होती, तिने सात प्रश्न विचारले. मी मोजले. पोळ्या लाटता येतील का? पंख्याखाली झोपले तर चालेल का? पुढे कधी मूल हवे झाले तर होईल का? धाकट्याला जवळ घेतले तर चालेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत हळू आवाजात आला. "पाप लागतं का हो?" सिस्टर म्हणाल्या, "ते मला कळत नाही बाय. पण दोन पोरं नीट वाढवतेस ना? मग देवाला तुझा हिशेब ठाऊक असेल."

तांबी बसवण्याचा विषयही निघाला. गोळ्या हव्या असतील तर आधी तांबीला हो म्हणा, असा धाक बाहेरच्या टेबलावर घालून झाला होता. सिस्टर म्हणाल्या, "ते मागाहून ठरव. घरी जाऊन विचार कर." वाचकांना वाटेल, यात विशेष काय? विशेष इतकेच, की कायद्यातही दोन गोष्टींची अशी गाठ कोठे मारलेली नाही. ती टेबलावरच मारली जाते.

परवाच्या दिवशी चार गोळ्या झाल्या, कळा आल्या, संध्याकाळी ती घरी गेली. दोन दिवस मी पोळ्या केल्या. त्या कशा झाल्या हा या लेखाचा विषय नाही. पंधराव्या दिवशी पुन्हा गेलो. सर्व ठीक होते. निघताना दाराशी एक तरुण मुलगी हातात कागद घेऊन उभी. पाहणी चालली होती. तिने छापील प्रश्न वाचला, "मिळालेल्या सेवेबद्दल आपण फार समाधानी आहात, समाधानी आहात, की असमाधानी आहात?"

आमची बाई क्षणभरही न थांबता म्हणाली, "समाधान आहे. फार चांगलं आहे सगळं."

मी थक्क झाले! काचेचे ते भोक, तो 'कितवा', ती सही, तो धाक, सगळे पावसात वाहून गेले काय? बाहेर टपरीवर चहा घेताना मी तिला विचारले. ती म्हणाली, "मग काय सांगायचं ताई त्या पोरीला? काम झालं ना. पैसे पडले नाहीत. आणि उद्या पुन्हा यायची पाळी आली म्हणजे?"

या तीन छोट्या वाक्यांत जगभरच्या अशा पाहण्यांचा एक मोठा पेच सापडतो. फारच मोठ्या संख्येने बायका समाधानी असल्याचे अशा पाहण्यांत दिसते, आणि संशोधकांनाही ठाऊक असते की या समाधानाला काट द्यावी लागते. जिची आशाच चतकोर आहे तिला अर्धी भाकरी मिळाली तरी ती समाधानीच. शिवाय दाराशी विचारलेल्या प्रश्नाला दाराशी उभे राहून माणूस खरे उत्तर देत नाही. तुम्ही कोणाकडे जेवायला गेलात आणि यजमानीणबाईंनी विचारले, "आमटी बरी झालीय ना?" तर काय म्हणाल?

यात आणखी एक खोच आहे. आपला कायदा कसा झाला ते पाहावे. १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हा होता. स्वतः बाईसुद्धा गुन्हेगार. तो काळ कसा होता, याची साक्ष मराठीत आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ साली नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपले, आणि त्या संतापातून ताराबाई शिंद्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली निघाले. त्याच्या आधी, १८६३ साली, फुले पतिपत्नींनी पुण्यात अशा बायकांसाठी घराचे दार उघडले होते. आमच्या गिरगावच्या विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कामापायी नोकरी गमावली, आणि 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत एकहाती चालवले. या सगळ्यांनंतर १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ अखेर आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

फार मोठी गोष्ट झाली, यात शंका नाही. पण कायद्याची घडण अशी, की डॉक्टरने सद्‌भावनेने मत दिले आणि गर्भपात केला तर तो गुन्हा नव्हे. म्हणजे केंद्रस्थानी डॉक्टरचे मत. बाईने कारण सांगायचे आणि डॉक्टरांनी ते पटवून घ्यायचे. पुढे २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे, ठराविक बायकांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा, आणि साधन निकामी ठरल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री व तिचा पती' यांच्या जागी 'स्त्री व तिचा जोडीदार' आले. बाईचे नाव फोडणाऱ्याला शिक्षाही सांगितली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेद पुसून टाकला. दार रुंद झाले, पण दारापाशी अर्ज करूनच आत जायचे, हे राहिले. आणि अर्जदार नेहमीच समाधानी असतो! अर्ज मंजूर झाला यातच त्याचे समाधान असते. आपल्याशी कोणी कसे बोलले, याची तक्रार करायला आधी आपण हक्काने आलो आहोत असे वाटावे लागते.

मी वर्गात तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवते. १९६७ चे नाटक, म्हणजे कायद्याच्या चार वर्षे आधीचे. खेळातल्या कोर्टात बेणारे बाईंवर आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा! मुले दर वर्षी या विसंगतीवर चर्चा करतात. पण या वर्षी शिकवताना मला दुसरीच गोष्ट दिसली. त्या कोर्टात सगळे बोलतात. बेणारे बाईंचे लांबलचक स्वगत येते तेव्हा मात्र भोवतालचे सगळे थिजलेले असतात. ती बोलते, कोणी ऐकत नाही. छापील कागदावरचा प्रश्न हा तसलाच प्रकार. बाईला विचारले म्हणून नोंद झाली, पण ऐकणारा तेथे कोणी नव्हता.

मग खरे उत्तर मिळते कोठे? बायका ते पायांनी देतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि तिचे देशी-परदेशी सहकारी यांनी केलेला एक अभ्यास २०१८ च्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. सहा राज्यांतल्या दवाखान्यांची पाहणी आणि औषधांच्या खपाचे आकडे यांवरून काढलेला त्यांचा अंदाज असा, की २०१५ या एका वर्षात भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांतले शंभरात ८१ गोळ्यांनी. आणि शंभरातले ७३ दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन! दवाखान्याची पायरी चढल्या त्या शंभरात फक्त २२. (या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे सांगितले पाहिजे.) बाकीच्या कोठे गेल्या? दुकानात. तेथे खिडकीला भोक नाही, बाकावर 'कितवा' नाही, सही नाही. तेथे फक्त समजावून सांगणारेही कोणी नाही.

ही गोळी मूळची फ्रान्समधली. तेथे तिला १९८८ साली परवानगी मिळाली आणि आपल्याकडे २००२ मध्ये. आपल्याकडे नियमाने ती नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. इतक्या आठवड्यांत गर्भ मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळतही नाही. तरीसुद्धा २०१२ नंतर महाराष्ट्रात स्त्रीभ्रूणहत्येच्या धास्तीने या गोळ्यांवर कडक नजर राहिली आणि पुष्कळ दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडून दिले. त्यामुळे गोळी नाहीशी झाली नाही. ती कोणाच्या तरी ओळखीने, जादा पैसे देऊन येऊ लागली.

हे मला पुस्तकातून नव्हे, टपरीवर कळले. चहाचा दुसरा कप घेताना ती म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगितलं नव्हतं. चार वर्षांमागं एकदा असंच झालं होतं. शेजारणीनं कुठून तरी गोळ्या आणल्या. पाच होत्या. पाचीच्या पाची एकदम घेतल्या मी. कुणी सांगितलंच नाही. नऊ दिवस नुसती धार. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडेच पोळ्या करताना चक्कर आली होती बघा. तुम्ही लिंबूपाणी दिलंत."

मला आठवले. मी लिंबूपाणी दिले होते आणि वर म्हटले होते, "उपास कमी करत जा गं."

वाचकहो, चार वर्षे माझ्या ओट्याशी रोज उभी राहणारी बाई! तिला मी विचारले होते का, की तुला काय होते आहे? विचारले असते तर तिनेही 'समाधान आहे' असेच सांगितले असते. इस्पितळाची ती काच माझ्या स्वयंपाकघरातही होती.

मी विचारले, "आणि समज, पुन्हा अशी वेळ आली, तर? दवाखान्यात जाशील, की त्या शेजारणीकडे?"

तिने बराच वेळ विचार केला. कागदावरच्या प्रश्नाला तिला क्षण लागला नव्हता. या प्रश्नाला कप रिकामा होईपर्यंत वेळ लागला. मग म्हणाली, "त्या सिस्टर असतील तर दवाखान्यात जाईन."

आता माझा शब्द. 'समाधान' हा आपण संतांच्या शिकवणुकीतला शब्द समजतो. आहे त्यात गोड मानून घेणे, असा त्याचा घरगुती अर्थ होऊन बसला आहे, आणि बायकांना तो लहानपणापासून पाजला जातो. पण या शब्दाचा दुसरा एक अर्थ मराठीत जिवंत आहे. आपण 'शंकासमाधान' म्हणतो ना? तेथे समाधान म्हणजे गोड मानून घेणे नव्हे. समाधान म्हणजे शंकेला मिळालेले उत्तर. कोणीतरी शंका विचारू देतो, कोणीतरी पेनाची टोपी लावून थांबतो, आणि उत्तर देतो. छापील कागद पहिल्या अर्थाचे समाधान मोजत होता. सिस्टरांनी दुसऱ्या अर्थाचे दिले होते. बाई पुन्हा येते ती या दुसऱ्यासाठी.

हा काही माझा एकटीचा शोध नव्हे. मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांशी या विषयावर बोलून १९९७ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. गोष्ट बाहेर फुटू नये आणि नवऱ्याची सही मागू नये, या बायकांच्या अपेक्षा त्यांनी तेव्हाच नोंदवल्या आहेत. आणि सरकारी इस्पितळाला ऐकणे शिकता येत नाही, असेही नाही. मारहाण झालेल्या बायकांसाठी महापालिकेने आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी 'दिलासा' केंद्र काढले. इस्पितळातल्याच माणसांना त्यासाठी शिकवले. तेथे जमते, तर येथे का जमू नये? यासाठी नवी इमारत लागत नाही. निराळा बाक लागतो, काचेचे भोक वर घ्यावे लागते, नवऱ्याच्या सहीची रेघ कागदावरून पुसावी लागते आणि पंधरा मिनिटे लागतात.

येथेच लेख संपवणार होते. पण दिवाळीच्या तोंडावर आणखी एक गोष्ट घडली. आमच्या बाईने चिवडा आणि चार शंकरपाळे डब्यात भरून आणले. "ताई, त्या सिस्टरना देऊन येऊ या का?" गेलो. या खेपेला रांग नाही, केसपेपर नाही, पाहुण्यांसारखे गेलो. त्या टेबलावर कोणी दुसऱ्याच सिस्टर होत्या. त्या कागदातून मान वर न काढता म्हणाल्या, "त्यांची बदली झाली. कुठं, माहीत नाही."

डबा तसाच परत आला. गाडीत ती काही बोलली नाही. करी रोडला उतरताना एवढेच म्हणाली, "आमच्या चाळीतल्या एकीला त्यांचं नाव सांगून ठेवलं होतं मी. तिला दिवस गेलेत. पुढच्या बुधवारी जाणार होती."

एका बदलीने जी नाहीशी होते ती सेवा नव्हे, ते एका माणसाचे चांगुलपण होय. त्या चांगुलपणाला नमस्कार. पण चाळीतली ती दुसरी बाई पुढच्या बुधवारी कोठे जाईल, हा प्रश्न नमस्काराने सुटत नाही.

मी त्या बुधवारी रजा टाकली आहे. या वेळी व्हरांड्यात कोणी भेटलेच, तर रक्तदाबाचे नाव सांगायचे नाही, असे ठरवले आहे. दुसऱ्या कोणाचे नाव फोडण्याचा मला अधिकार नाही. पण 'हिच्यासोबत आले आहे' एवढे मोठ्याने म्हणता येईल.

वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.